थरार कशाचा?

"फादर, गाड्या एकाच जागी गोल गोल फिरणार आणि माणसे दिवसभर बसून ते पाहणार! यात थरारक ते काय?"

अमेरिकेतील तीन महिन्यांच्या सेवेनंतर मी घरी परतलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांनी मला हा प्रश्न विचारला. प्रश्नात थट्टा होती, म्हणून मीही थट्टेनेच उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. वाचकहो, त्याचे खरे उत्तर देण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे. ते देताना मला स्वतःविषयी एक-दोन गोष्टी कबूल कराव्या लागतील, हेही आरंभीच सांगून ठेवतो.

2023 च्या उन्हाळ्यात मी इंडियाना राज्यातील एका धर्मग्रामात, रजेवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी काम करीत होतो. त्या राज्याची राजधानी इंडियानापोलिस. तेथे मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या आदल्या रविवारी, पाचशे मैलांची मोटारशर्यत होते. 1911 पासून, दोन महायुद्धांतील काही वर्षे वगळता, ती दरवर्षी होत आलेली आहे. त्या वर्षी हा रविवार 28 मे रोजी आला, आणि तोच पेन्टेकॉस्टचा सणही होता. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला चर्च तुडुंब भरले. रविवारी सकाळी पुढची बाकेसुद्धा रिकामी होती. मी प्रवचनात त्याविषयी चकार शब्द काढला नाही, कारण माझ्याही खिशात शर्यतीचे तिकीट होते.

तिकीट दिले होते धर्मग्रामातील एका सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थांनी. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम करून ते निवृत्त झाले होते. मितभाषी माणूस. लहानपणी वडिलांचे बोट धरून ते प्रथम तेथे गेले, आणि पुढे त्यांचा मे महिना सहसा चुकला नाही. आमची आसने मुख्य सरळ पट्ट्यावर, पहिल्या वळणाच्या थोडी अलीकडे होती. शर्यतीपूर्वी तेथे प्रार्थना होते, आणि ती म्हणण्यासाठी इंडियानापोलिसचे कॅथलिक आर्चबिशप अनेक वर्षे येत आलेले आहेत, हे मला यजमानांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. तीन लाखांहून अधिक माणसे एकाच वेळी गप्प होतात, ती शांतता मी विसरणार नाही. त्यानंतर तेहतीस इंजिने सुरू झाली आणि कानांत बोळे घालावे लागले.

आता एक कबुली. पहिला तासभर मी अक्षरशः कंटाळलो. शिक्षकांचे म्हणणे त्या वेळी मला शब्दशः पटले असते. हा ट्रॅक अडीच मैलांचा आहे. दोन लांब सरळ पट्टे, दोन आखूड, आणि चार वळणे. अशा दोनशे फेऱ्या. एक फेरी साधारण चाळीस सेकंदांत संपते. गाड्या समोरून येतात त्या रंगांचा एक पट्टा होऊन निघून जातात. मान डावीकडून उजवीकडे फिरवावी, तोवर काहीच उरत नाही. दहा मिनिटांनी पहिला कोण आणि तेहतिसावा कोण, हेच कळेनासे झाले. मी चोरून घड्याळ पाहिले. यजमानांनी ते पाहिले असावे. त्यांनी आपल्या कानांवरचा रेडिओचा हेडफोन काढून माझ्या हाती दिला.

त्या शहरातील लोकांचे या शर्यतीशी नाते मुळात कानांचे आहे. मैदानातील आसने ओस पडू नयेत म्हणून शर्यतीचे थेट चित्रण त्याच शहरात दाखवायचे नाही, असा तेथील जुना दंडक. अलीकडे काही वर्षी तो शिथिल झाला, परंतु 2023 मध्ये तो लागू होता. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथील माणसे अंगणात शेगडी पेटवून रेडिओवर शर्यत ऐकत आलेली आहेत. प्रत्येक वळणावर एक निवेदक बसलेला असतो आणि गाड्यांबरोबर वर्णनही एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. मी हेडफोन लावला, आणि जे डोळ्यांना दिसत नव्हते ते कानांनी दिसू लागले.

ही गाडी म्हणजे काय, हे आधी सांगावयास हवे. तिची चारही चाके धडाच्या बाहेर, उघडी असतात. मडगार्ड नाही, आच्छादन नाही. म्हणून तिला 'ओपन-व्हील' म्हणतात. ताशी 350 किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या या गाडीला, आपल्या साध्या मोटारींत असते तसे पॉवर स्टिअरिंगही नसते. चालक निव्वळ दंडाच्या बळावर ती वळवतो. पुढची गाडी हवा फाडते, मागची तिच्या आडोशाने कमी इंधनात तोच वेग राखते. त्यामुळे जो पुढे आहे तोच तोट्यात असतो. जाणता चालक दीडशे फेऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर मुद्दाम थांबून, प्रत्येक वळणाआधी पाय किंचित उचलून इंधन वाचवतो, आणि तेवढ्याने एक थांबा एखाद्-दुसऱ्या फेरीने पुढे ढकलतो. वळणात मात्र हाच आडोसा उलटतो. पुढच्या गाडीने विस्कटलेली हवा मागच्या गाडीला जमिनीवर दाबून धरीत नाही, आणि तिचे नाक बाहेरच्या भिंतीकडे सरकू लागते. किती जवळ जायचे, कोठे सोडून द्यायचे, हा निर्णय दर दहा सेकंदांनी घ्यावा लागतो. यजमान म्हणाले, "फादर, गाड्या पाहू नका. दोन गाड्यांमधले अंतर पाहा." त्या एका वाक्याने माझा दिवस बदलला. शंभराव्या फेरीच्या सुमारास कोण संयम राखतो आहे आणि कोण उतावीळ झाला आहे, हे मला थोडेथोडे कळू लागले, आणि घड्याळाचा विसर पडला.

म्हणून शिक्षकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे आहे. होय, ही शर्यत थरारक आहे. परंतु तो थरार पाहायला शिकावे लागते, जसे शास्त्रीय गायन ऐकायला शिकावे लागते. एवढ्यावर थांबता आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

शर्यत संपायला सोळा-सतरा फेऱ्या उरल्या असताना पहिल्या वळणातून बाहेर पडताना एक गाडी भिंतीवर आदळली आणि गिरक्या घेत मागून येणाऱ्यांच्या वाटेत आली. मागच्या गाडीचे डावे मागचे चाक तिला लागून उखडले. ती गाडी उलटी होऊन ठिणग्यांचा फवारा उडवीत घसरत गेली, आणि सुटलेले चाक दुसऱ्या वळणाजवळची उंच जाळी ओलांडून प्रेक्षकांच्या बाजूला गेले. हे आम्ही मोठ्या पडद्यावर पाहिले. सगळा स्टँड उभा राहिला. मीही उभा राहिलो. त्या क्षणी मला काय वाटले, याचा मी नंतर अनेकदा प्रामाणिकपणे शोध घेतला आहे. दुःख वाटले, असे म्हणावेसे वाटते. ते खरे नाही. दुःख दोन-तीन सेकंदांनी आले. त्याआधी छातीत जे उसळले त्याला हर्ष म्हणता येणार नाही, पण त्याची जात हर्षाचीच होती. दिवसभर शिकलेले इंधन, आडोसा आणि संयम हे सगळे त्या एका उसळीपुढे फिके पडले.

सेमिनरीत असताना संत ऑगस्टीनच्या 'कबुलीजबाबा'त आम्ही त्याच्या अलिपियस नावाच्या मित्राची हकिगत वाचली होती. हा तरुण रोमन आखाड्यांचा तिटकारा करणारा. मित्रांनी त्याला बळेच तेथे नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला. परंतु कान मिटता येत नाहीत. एक योद्धा पडला, जनसमुदाय गर्जला, आणि कुतूहलाने त्याने डोळे उघडले. मग ते मिटले नाहीत. आम्ही विद्यार्थी त्याला हसलो होतो. इंडियानापोलिसच्या स्टँडमध्ये उभा असताना त्याची आठवण आली, आणि हसू आले नाही.

मी शेजारी पाहिले. माझे यजमान बसलेले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि नजर पडद्यावर होती. उलटलेल्या गाडीतून चालक सुखरूप बाहेर आल्याचे दिसले, तेव्हा त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. ते चाक दोन स्टँडच्या मधून जाऊन वाहनतळावरील एका प्रेक्षकाच्या उभ्या गाडीवर पडले होते. कोणालाही इजा झाली नाही.

कोणाला इजा झाली नाही, यात दैवाचा वाटा किती, हे जाणायला इतिहास पाहावा लागतो. 1987 मध्ये याच मैदानावर एका गाडीचे निखळलेले चाक दुसऱ्या गाडीच्या नाकावर आपटून उडाले आणि स्टँडमधील एका प्रेक्षकाचा बळी गेला. 1998 मध्ये मिशिगन येथे आणि 1999 मध्ये शार्लट येथे अशाच उडालेल्या चाकांनी प्रत्येकी तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर चाके गाडीला मजबूत दोरांनी बांधण्याची पद्धत आली. चालकांच्या मृत्यूंची यादी याहून फार लांब आहे. 1955 मध्ये बिल वुकोविच लागोपाठ तिसऱ्या विजयाच्या मार्गावर आघाडीवर असतानाच गेला. 1964 मध्ये दुसऱ्याच फेरीत पेट्रोलचा आगडोंब उसळून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनल्ड हे दोघे गेले.

त्या दिवशी माझे यजमान आठ वर्षांचे होते आणि वडिलांशेजारी बसले होते. ते मला हे सांगत होते तेव्हा लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवलेली होती आणि ट्रॅक झाडणे चालू होते. "काळा धूर एवढा होता, की सूर्य दिसेना," ते म्हणाले. "सॅक्स गेल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगितले, तेव्हा वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दोन तासांच्या आत शर्यत पुन्हा सुरू झाली." थोडे थांबून ते म्हणाले, "आम्ही घरी गेलो नाही, फादर. शेवटपर्यंत बसलो." यात समर्थन नव्हते आणि पश्चात्तापही नव्हता. एखादी गोष्ट साठ वर्षे जवळ बाळगलेला माणूस जसे बोलेल तसे ते बोलले.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला द्विपरिणामाचे तत्त्व शिकवले जाई. एकाच कृतीतून एक चांगला आणि एक वाईट परिणाम निघत असेल, तर ती कृती केव्हा क्षम्य ठरते? वाईट परिणाम हेतूत नसावा, आणि मुख्य म्हणजे चांगला परिणाम वाईटाच्या द्वारे साधलेला नसावा. वैद्यकातील उदाहरणे देऊन हे तत्त्व शिकवले जाते. ते शर्यतीला लावले तर प्रश्न असा होतो : धोका हा थराराचा केवळ सोबती आहे, की थराराचे साधनच? रोमच्या आखाड्यात उत्तर स्पष्ट होते. तेथे मृत्यू हाच खेळ होता. इंडियानापोलिसमध्ये मृत्यू कोणाचाही हेतू नाही. उलट तो टाळण्यासाठी तेथे जेवढी बुद्धी खर्च झाली, तेवढी क्वचितच एखाद्या खेळात झाली असेल. 1964 च्या आगीनंतर पेट्रोल जाऊन मेथॅनॉल आले. 2002 मध्ये, नेब्रास्का विद्यापीठातील अभियंत्यांनी तयार केलेली, पोलादी नळ्या आणि त्यांमागे फोमचे ठोकळे असलेली आघात शोषणारी भिंत प्रथम याच मैदानावर उभी राहिली. 2015 मध्ये पोकोनो येथे दुसऱ्या गाडीचा तुटलेला भाग डोक्याला लागून जस्टिन विल्सन गेला. 2020 पासून चालकासमोर पारदर्शक कवच आले. आणि या सर्व सुधारणांमुळे प्रेक्षक कमी झाले का? 2025 मध्ये येथील सर्व आसने विकली गेली होती. धोका घटला तरी थरार टिकला, यावरून धोका हे साधन नसून सोबती आहे, असा निष्कर्ष काढता येईल. मला तो मनापासून काढावासा वाटतो.

परंतु दोन घटना आड येतात.

पहिली 2001 ची. टेक्सास येथील दीड मैलांच्या, चोवीस अंश उताराच्या वळणांच्या ट्रॅकवर सराव चालू असताना चालकांना भोवळ येऊ लागली. पंचवीसपैकी एकवीस जणांना दिशाभ्रमाचा त्रास झाला. वळणांत त्यांच्या शरीरावर स्वतःच्या वजनाच्या पाचपट भार पडत होता, आणि बावीस-तेवीस सेकंदांच्या फेरीत त्यातून सावरायला उसंतच मिळत नव्हती. शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीला दोनेक तास उरले असता, ती रद्द करण्यात आली. लोक वाटेवर होते, कित्येक पोहोचलेही होते. ट्रॅकच्या मालकांनी नंतर आयोजकांवर दावा लावला. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातील हा सर्वांत उजळ दिवस आहे, आणि त्या दिवशी पाहण्यासारखे काहीही घडले नाही.

दुसरी 2011 ची, लास व्हेगासची. तोही दीड मैलांचाच ट्रॅक. अडीच मैलांच्या इंडियानापोलिसवर तेहतीस गाड्या धावतात. येथे चौतीस उतरवल्या गेल्या. शिवाय चुरस वाढावी म्हणून एक बक्षीस ठेवलेले होते. डॅन व्हेल्डन, त्याच वर्षीचा इंडियानापोलिसचा विजेता, सर्वांत शेवटून सुरुवात करणार. तो जिंकला तर पन्नास लाख डॉलर त्याला आणि एका चाहत्याला निम्मे निम्मे मिळणार. अकराव्या फेरीत पंधरा गाड्या एकमेकींत गुंतल्या. उघड्या चाकाला उघडे चाक भिडले की मागची गाडी पुढचीच्या चाकावर चढून हवेत उडते, तसेच झाले. व्हेल्डन गेला. तेहतीस वर्षांचा होता. शर्यत तेथेच संपवण्यात आली, आणि उरलेल्या चालकांनी त्याच्यासाठी संथपणे पाच फेऱ्या मारल्या.

शेवटून पुढे येणारा विजेता, अरुंद जागी अधिक गाड्या : हे कोणासाठी योजले होते? आपल्यासाठी, पाहणाऱ्यांसाठी. चालक स्वखुशीने उतरतात, असे म्हटले जाते, आणि ते खरेच आहे. 2018 मध्ये पोकोनो येथे पाठीचा कणा दुखावलेला रॉबर्ट विकेन्स पुढे हातांनी चालवायच्या गाडीतून पुन्हा शर्यतीत उतरला. त्याला कोणी भरीस घातले, असे कोण म्हणेल? परंतु चालकाची संमती त्याचा प्रश्न सोडवते, माझा नाही. मी काय मागितले, हा प्रश्न उरतोच. आयोजक मूर्ख नसतात. स्टँड कधी उभा राहतो, हे ते पाहत असतात.

हे सगळे विचार मला त्या दुपारी सुचले, असे मी म्हणणार नाही. त्या दुपारी शर्यत चालूच होती. आणखी दोन अपघात झाले, लाल झेंडा आणखी दोनदा फडकला. शेवटी दोनच फेऱ्या उरल्या. 2020 ची शर्यत साथीमुळे प्रेक्षकांविना झाली होती, आणि शेवटच्या फेऱ्यांत अपघात होताच ती पिवळ्या झेंड्याखाली, कोणी कोणाला न गाठता, संपली होती. येथे तसे होऊ दिले नाही. गाड्या पिटमधून बाहेर काढून, टायर पुरते तापण्याआधी, एकाच फेरीची शर्यत लावण्यात आली. आघाडीवर असलेल्या मार्कस एरिक्सनने नंतर सांगितले, की हे न्याय्य नव्हते आणि सुरक्षितही नव्हते. मला त्याचे म्हणणे पटते. पण त्या वेळी मी काय केले? हिरवा झेंडा फडकला तेव्हा मी आसनावर पाय देऊन उभा होतो. मागच्या सरळ पट्ट्यावर जोसेफ न्यूगार्डनने एरिक्सनला गाठले, मागे टाकले, आणि मुख्य पट्ट्यावर साप वळवळावा तशी गाडी डावी-उजवीकडे नेत त्याला आडोसा मिळू दिला नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी अंतराने तो जिंकला. गाडी थांबवली आणि जाळीतील एका फटीतून प्रेक्षकांत शिरला. मी ओरडलो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, पन्नाशी उलटलेला धर्मगुरू, घसा बसेपर्यंत. त्या आनंदाची मला आजही लाज वाटत नाही. ज्या रीतीने तो मला मिळवून देण्यात आला, तिच्याविषयी मात्र मन स्वच्छ नाही.

यजमान शेवटची फेरी बसूनच पाहत होते. टोपी गुडघ्यावर होती.

शिक्षकांना मी हे सारे सांगितले ते दोन वर्षांनी. मग 25 मे 2025 च्या रात्री मी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पुतण्याने लॅपटॉपवर शर्यत जुळवून दिली होती. आपल्याकडे ती रात्री सव्वादहाला सुरू व्हायची, पण तिकडील पावसामुळे लांबत लांबत अकरा वाजत आले. शर्यत सुरू होण्याआधीच, टायर तापवण्याच्या फेऱ्यांत, एक नामांकित चालक भिंतीवर जाऊन आदळला. शिक्षक खो-खो हसले. हिरवा झेंडा फडकला, आणि पहिल्याच वळणावर आणखी एक गाडी भिंतीला भिडली. शिक्षक खुर्चीतून उठले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग हळूच खाली बसले आणि चष्मा सारखा करीत पडद्याजवळ वाकून विचारले, "तो बाहेर आला का?"